वादळ सरल्यावर : आळी, खराटा आणि राडारोडा

वादळाची वार्ता सर्वजण ऐकतात. वादळ सरल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाची वार्ता मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. वारा किती वेगानें वाहिला, पाऊस किती पडला, हें वेधशाळेच्या दप्तरीं नोंदलें जातें. परंतु रस्त्यांत आडवीं पडलेलीं झाडें कोणीं बाजूस सारलीं, गटाराच्या तोंडाशीं तुंबलेला गाळ कोणत्या हातांनीं उपसला आणि तो शेवटीं कोठें नेऊन टाकला, याची नोंद इतिहासांत क्वचितच सांपडते. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. मुंबईसारख्या शहरावर अरिष्ट येऊन गेलें म्हणजे मागें राहिलेला पसारा आवरण्याचे तीन मार्ग आजवर दिसून आले : एक हुकुमाचा, दुसरा मजुरीचा आणि तिसरा शेजारधर्माचा. या तिहींचा थोडक्यांत विचार करूं.

शहराची सफाई कोणाची, हा प्रश्न मुंबईंत जुना आहे. १८६५ सालीं आर्थर क्रॉफर्ड हे शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले आणि १८८८ च्या कायद्यानें रस्ते झाडणें, गटारें राखणें व केरकचरा उचलणें हीं म्युनिसिपालिटीचीं बंधनकारक कर्तव्यें ठरलीं. नागरिकानें कर भरावा आणि सरकारनें झाडू मारावा, अशी वांटणी झाली. रोजच्या व्यवहारास ही वांटणी सोयीची आहे, यांत शंका नाहीं. तिची कसोटी लागते ती संकटाच्या वेळीं.

अशी पहिली मोठी कसोटी १८९६ सालीं लागली. त्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले आणि शहराची धुलाई सुरू झाली. घरोघर झडत्या झाल्या, सामान रस्त्यावर आलें, चाळींना चुना फांसला गेला, रोग्यांना बळानें हलविण्यांत आलें. हेतु आरोग्याचा होता. पण ज्यांचीं घरें साफ होत होतीं त्यांस कोणीं विश्वासांत घेतलें नाहीं. लोक रोगाइतकेच सफाईस भिऊं लागले आणि हजारोंनीं शहर सोडून गेले. पुण्यांत याच धाकदपटशाची परिणति २२ जून १८९७ च्या रँडवरील हल्ल्यांत झाली. ज्या सफाईस लोकांची संमति नाहीं, ती सफाई न राहतां जुलूम होते, हा धडा त्या दोन वर्षांनीं दिला. हुकुमाच्या मार्गाची मर्यादा ती ही.

दुसऱ्या मार्गाचें ठळक उदाहरण १९४४ चें आहे. १४ एप्रिल रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. शेंकडों माणसें मेलीं, गोदीचा परिसर उध्वस्त झाला, आणि आग आटोक्यांत येण्यास तीन दिवस लागले. त्यानंतर सुमारें ८,००० माणसांनीं सात महिने खपून जवळजवळ ५ लक्ष टन राडारोडा हलविला, तेव्हां बंदर पुन्हां चालूं लागलें. हें काम अफाट होतें आणि तें पार पडलें, कारण युद्धकाळीं सरकारला त्या बंदराची निकड होती. पैसा, माणसें व यंत्रें एका ठिकाणीं लोटतां आलीं. पण वादळ एका गोदीवर पडत नाहीं. तें एकाच रात्रीं हजार गल्ल्यांवर पडतें, आणि हजार गल्ल्यांस एकाच सकाळीं पुरेल इतकी पगारी फौज जगांतील कोणत्याही नगरपालिकेपाशीं नसते. मजुरीच्या मार्गाची मर्यादा ही.

उरला तिसरा मार्ग. आपल्या महाराष्ट्रांत त्याची परंपरा घालून दिली ती गाडगेमहाराजांनीं. १८७६ सालीं जन्मलेल्या या पुरुषानें १९५६ पर्यंत गांवोगांव फिरून काय केलें? गांवांत शिरतांच खराटा हातीं घ्यावा, दिवसभर रस्ते झाडावे आणि रात्रीं कीर्तनांत लोकांचीं मनें झाडावीं. त्यांना झाडतांना पाहून गांवकरी आपण होऊन हातभार लावीत. सेनापति बापटांनींही पारनेरास हातीं झाडू घेतला होता. केर काढणें हें विशिष्ट जातीचें काम, ही समजूत मोडल्यावांचून शेजारधर्मास अर्थ येत नाहीं, हें या दोघांनीं बोलण्यापूर्वीं करून दाखविलें.

मुंबईच्या उपनगरांत हा विचार निराळ्या वेषांत आला. १९५० व १९५७ सालीं हीं उपनगरें बृहन्मुंबईंत सामील झालीं आणि वस्ती अशी फुगली कीं महापालिकेचा झाडू सर्वत्र पोंचेना. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनीं ओला व सुका कचरा निराळा करून आपली गल्ली आपणच राखण्याचा उपक्रम चालविला. त्याच धर्तीवर महापालिकेनें ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना स्वीकारली. तिचें नांव भारदस्त असलें तरी अर्थ साधा होता : गल्लीची एक समिति असावी आणि तिचा वॉर्ड ऑफिसाशीं थेट संबंध असावा.

या व्यवस्थेचें मोल २६ जुलै २००५ रोजीं कळलें. त्या दिवशीं सांताक्रूझ येथील वेधशाळेनें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला. कुलाब्यास मात्र तो अवघा ७३ होता. शहर कोरडें आणि उपनगरें पाण्याखालीं, असा तो विलक्षण दिवस. भरतीच्या वेळीं मिठी नदी फुगली आणि कुर्ला, कालिना, साकीनाका हे भाग बुडाले. पाणी ओसरलें तेव्हां मागें राहिलें तें भयंकर होतें. भिजून फुगलेल्या गाद्या, धान्याचीं पोतीं, शाळेचीं पुस्तकें, मेलेलीं जनावरें आणि सर्वांवर काळ्या गाळाचा थर. ऑगस्टांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. हा रोग मुख्यत्वें उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यांतून, पायाच्या लहानशा जखमेवाटेंही शरीरांत शिरतो. घाण उचलण्यास होणारा उशीर हा केवळ डोळ्यांस खुपणारा प्रकार नसून प्राणांशीं गांठ आहे, हें त्या महिन्यानें शिकविलें. पुढें माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमली गेली, आणि १९९३ सालापासून पडून राहिलेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ या पर्जन्यजल-योजनेकडे पुन्हां लक्ष गेलें.

आतां वाऱ्याच्या वादळाकडे वळूं. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ हें चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलें. कुलाब्यास वाऱ्याचा झोत ताशीं ११४ किलोमीटरपर्यंत पोंचला आणि सांताक्रूझास २३० मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्यांत असा पाऊस मुंबईनें पाहिला नव्हता. शहरांत दोन हजारांहून अधिक झाडें उन्मळून पडलीं. यांत केवळ वाऱ्याचाच दोष नव्हता. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांसारखीं परदेशांतून आणलेलीं झाडें लवकर वाढतात, पण त्यांचीं मुळें उथळ जातात. त्यांतच बुंध्याभोंवतीं सिमेंट ओतून आपण मुळांस पसरूं देत नाहीं. समुद्रानेंही आपला हिशेब चुकता केला : आपण खाडींत लोटलेलें प्लॅस्टिक त्यानें गेट-वे आणि जुहूच्या किनाऱ्यावर परत आणून टाकलें. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शहा या वकिलांनीं आपल्या एका वृद्ध शेजाऱ्यासह ऑक्टोबर २०१५ मध्यें हा केर उचलण्यास आरंभ केला होता. दोघांचे शेंकडों झाले, आणि २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं त्या कार्याचा गौरव केला.

शीत देशांतील वादळ आपल्या कल्पनेबाहेरचें असतें. ५ ते १० जानेवारी १९९८ या दिवसांत कॅनडाच्या मॉन्ट्रियल परिसरांत गोठता पाऊस पडला. पाण्याचा थेंब फांदीस किंवा तारेस स्पर्श करतांच बर्फ होई. थरावर थर चढून त्या भारानें झाडें दुभंगलीं, विजेचे पोलादी मनोरे वांकले, हजारों लांकडी खांब मोडले आणि लाखों घरें कडाक्याच्या थंडींत अंधारांत बुडालीं. मदतीस सुमारें सोळा हजार सैनिक बोलवावे लागले. आपल्याकडे असें होत नाहीं. आपल्याकडे गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्यें तिनें मराठवाडा व विदर्भ यांतील रब्बीचें पीक झोडपलें. पण दुसऱ्या दिवशींचा प्रश्न तेथें काय आणि येथें काय, एकच असतो : तुटलेली फांदी अजून डोक्यावर लोंबकळते आहे, तार खालीं पडली आहे, वाट बंद आहे आणि शेजारची म्हातारी दार उघडत नाहीं. सैन्य येईपर्यंत दार ठोठावणारा शेजारीच असतो.

२०२१ सालच्या जुलैंत माहुलनें याची कठोर साक्ष दिली. १७ व १८ जुलैच्या मधल्या रात्रीं अतिवृष्टींत वाशी नाक्याजवळील भारत नगरांत डोंगरउतारावरची भिंत घरांवर कोसळली आणि दीड डझनाहून अधिक माणसें झोपेंतच गेलीं. पहिला राडारोडा उपसला तो शेजाऱ्यांनीं. अशा वस्तींतून मोठीं यंत्रें जाऊं शकत नाहींत. तेथें घमेलें हातोहात पुढें सरकतें आणि तेंच यंत्र ठरतें.

माहुलचा उल्लेख आणखी एका कारणासाठीं करावासा वाटतो. हें खाडीकांठचें कोळ्यांचें जुनें गांव. चेंबूरकडील नाले माहुलच्या खाडीस मिळतात आणि शहरानें गटारांत टाकलेलें प्लॅस्टिक येथील मच्छीमारांच्या जाळ्यांत मासळीऐवजीं सांपडतें. जवळच देवनारची कचराभूमि आहे. १९२७ पासून मुंबईचा केर तेथें जातो. जानेवारी २०१६ मध्यें तीस लागलेल्या आगीचा धूर सबंध शहरानें हुंगला. भोंवतीं तेलशुद्धीचे कारखाने उभे आहेत, आणि २०१५ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें येथील हवा रहिवाशांच्या आरोग्यास धोक्याची असल्याचें नमूद केलें. तरीही तानसा जलवाहिनीलगतचीं झोपडीं हटविल्यावर तेथील कुटुंबें याच माहुलांत धाडण्यांत आलीं. ब्रिमस्टोवॅडखालीं योजलेलें माहुलचें उदंचन केंद्र मात्र मिठागराच्या जागेच्या वादांत वर्षानुवर्षें अडकलें. आपली गल्ली स्वच्छ झाली म्हणून आपण हात धुतो, तेव्हां आपली घाण कोणाच्या तरी दाराशीं पोंचलेली असते. ज्या शेजारधर्माची हद्द आपल्या कुंपणापाशीं संपते, त्यास धर्म म्हणतां येणार नाहीं.

मग आळीनें करावें तरी काय? प्रथम, तयारी वादळाच्या आधींची असावी. वैशाखांतच गल्लीचा एक कागदी नकाशा काढून त्यावर गटारांचीं झांकणें, विजेचे खांब, धोकादायक झाडें आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचीं घरें टिपून ठेवावीं. फावडीं, घमेलीं, करवत, दोरखंड, रबरी बूट व हातमोजे एका ठिकाणीं असावे आणि किल्ली कोणाकडे आहे हें सर्वांस ठाऊक असावें. वादळानंतर पहिलें काम मोजदाद माणसांची. दुसरें, पडलेल्या तारेपासून सर्वांस दूर ठेवणें. तार मेलेली आहे असें कधींही गृहीत धरूं नये, वीज कंपनीस आणि महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवावें. तिसरें, रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी करणें. चौथें, गटाराचें तोंड मोकळें करणें, कारण दुसरी सर केव्हां येईल सांगतां येत नाहीं. मात्र झांकण उघडें टाकून कोणींही जाऊं नये. मोठा बुंधा कापण्याचें काम जाणत्यांवर सोंपवावें. लहान फांद्या, मोडकें सामान आणि विटामातीचा राडारोडा यांचे ढीग निराळे करावे. २०१६ च्या नियमांनीं बांधकामाचा राडारोडा इतर कचऱ्यांत मिसळण्यास मनाई केली, आणि मिसळला कीं तो कशाच्याच उपयोगाचा राहत नाहीं. चिखलांत उतरलेल्यांनीं पाय साबणानें धुवावे व जखम असल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी.

एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. आळीनें हात लावला म्हणजे पगारी सफाई कामगाराची गरज संपली, असें कोणीं समजूं नये. तसें समजणें म्हणजे १८८८ च्या कायद्यानें मिळालेला हक्क सोडून देणें होय. नागरिकांच्या श्रमानें कामगाराचें ओझें हलकें व्हावें, त्याची भाकरी जाऊं नये. मुंबईंत हें काम पुष्कळ अंशीं कंत्राटी कामगारांनीं केलें आहे. त्यांच्यांतील २,७०० जणांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें उचलून धरला, तो २०१७ सालीं, आणि त्यासाठीं त्यांच्या संघटनेस वर्षांमागून वर्षें झगडावें लागलें. तेव्हां हातमोज्यांची खरेदी करतांना आपल्या गल्लींत येणाऱ्या कामगारासही एक जोड घ्यावा, त्याचें नांव विचारावें आणि गाळाचा ढीग त्याला नुसत्या हातांनीं उचलूं देऊं नये.

श्रोतेहो, हुकुम, मजुरी आणि शेजारधर्म हे तिन्ही मार्ग परस्परांचे वैरी नव्हत. हुकुमास संमतीची, मजुरीस न्यायाची आणि शेजारधर्मास विस्ताराची जोड मिळाली पाहिजे. वादळें वारंवार येणार आहेत. अरबी समुद्र तापत चालला आहे आणि त्यावरील चक्रीवादळें अधिक प्रबळ होत आहेत, असें हवामानशास्त्रज्ञ सांगतात. वारा थोपविणें आपल्या हातीं नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपल्या आळींत कोण कोणाचें दार ठोठावील, हें मात्र आजच ठरवितां येईल.