परतवारीचा रोल

आमच्या घरात एकाच दिवसाचे बारा फोटो आहेत. बाकीचे सगळे लग्नाकार्यातले, नाहीतर स्टुडिओत मागं पडदा सोडून काढलेले. माणसं चालताना दिसतात ती एवढ्या बारांतच. हिंगोलीहून नर्सीला पायी निघालेलं आमचं खटलं. बाराच का, तर काकांनी कॉलेजातल्या मित्राकडून मागून आणलेल्या आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर तेवढेच निघत, चौकोनी. कॅमेऱ्याच्या पाठीला एक बारकी लाल काच असायची. पुढचा आकडा त्या काचेत दिसेपर्यंत गुंडी फिरवायची. काका कॅमेऱ्याला कुणाला हात लावू देत नसत, पण आकडा बघायला आम्हा लेकरांना बोलवायचे. "किती आला रे?" "सात!" एवढं ओरडायला मिळावं म्हणून आमची भांडणं. आणि काका स्वतः मात्र बारांपैकी एकाही फोटोत नाहीत.

परतवारी आमच्या भागाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते, म्हणून सांगते. पंढरपूरची आषाढी करून वारकरी परत फिरले, की आषाढ वद्य एकादशीला नर्सीला येतात, नामदेव महाराजांच्या गावी. तिथं माथा टेकला की वारी पुरी झाली असं आमच्याकडं मानतात. ज्यांना पंढरपूर घडत नाही, त्यांचीही वारी हीच. हिंगोलीपासून नर्सी पाचेक कोस. पहाटे निघालं तर ऊन व्हायच्या आत पोचावं, पण लेकरंबाळं, गाठोडी आणि आषाढातली काळी माती धरली तर दुपार ठरलेली.

साल कोणतं यावर घरात अजून एकमत नाही. मोठीमाय, म्हणजे माझी आजी, सांगायची, "मिलो खाल्ला त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट." म्हणजे १९७३. काका १९७४ म्हणतात. मी मोठीमायच्या बाजूची, कारण फोटोत सगळ्यांच्या गळ्याची हाडं दिसतात. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाड्यातली माणसं वाळवून काढली होती. खडी फोडायची कामं, नालाबांधणीची कामं, तिथं मिळणारी सुकडी आणि रेशनवरची परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. मोठीमायचा त्या पिठावर फार राग. थापताना भाकरीच्या कडा चिरायच्या, तव्यावर टाकेस्तोवर तिचे दोन तुकडे. पुढं कितीतरी वर्षं कुणी ताटात भाकरी टाकली की ती एवढंच म्हणायची, "मिलोचे दिवस आठव माय." आणि ताटातली भाकरी गुपचूप संपायची.

तर त्या दुष्काळानंतर पाऊस पडला, पेरण्या झाल्या, आणि आबांनी ठरवलं की या साली सगळ्यांनी नर्सीला चालत जायचं. आबा, म्हणजे माझे आजोबा, आडतीवर मुनीम. फारसं बोलणारा माणूस नव्हे. त्यांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत, १९१८ साली हैदराबादला निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. त्यामुळं त्या पिढीतल्या शिकलेल्या मराठी माणसाला लिहिताना उर्दूच सोपी जायची. आबा अभंग मराठीत म्हणत आणि हिशेब उर्दूत लिहीत. या फोटोंच्या पाठीवरही त्यांनी शाईनं बारीक उर्दूत काही काही लिहून ठेवलंय.

आबा गेल्यावर ते वाचणारं घरात कुणी उरलं नाही. वडिलांना नुसती अक्षरं लागायची. फोटो काळ्या पानांवर कोपरे लावून चिकटवलेले, मध्ये बटर पेपर. पाठ उलटून बघायचं कुणाच्या मनातही येत नसे. एकदा वाळवी लागली म्हणून सगळे काढले, तेव्हा ती शाई पुन्हा उजेडात आली. गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ती वाचून दिली. चष्मा कपाळावर सारून, फोटो नाकाशी धरून ते सावकाश वाचायचे आणि मी वहीत मराठीत उतरवून घ्यायची. "हात मुनशीचा आहे, बाई," ते म्हणाले, "एक नुक्ता इकडचा तिकडं नाही."

पहिल्या फोटोत आमचं रिसाल्यातलं घर. हिंगोली इंग्रजांच्या वेळची छावणी, हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची. म्हणून आमच्या गावात रिसाला आहे, पलटण आहे, तोफखाना आणि पेन्शनपुराही आहे. फौज कधीच गेली, नावं राहिली. दारात आम्ही सगळे, आणि शेजारच्या ओट्यावर डोक्यावरून पदर घेतलेल्या चाची. पाठीवर लिहिलंय: "किल्ली भाभींकडे दिली." भाभी म्हणजे याच चाची. असली बारकी गोष्ट आबांना लिहावीशी का वाटली, हे मला सातवा फोटो वाचेपर्यंत उमगलं नाही.

तिसऱ्यात आईच्या डोक्यावर दुरडी. पाठीवर सगळा जिन्नस: दशम्या, कारळाची चटणी, ठेचा, आणि उपवास धरणाऱ्यांची भगर वेगळ्या डब्यात. मोठीमायची दशमी मला अजून हाताला आठवते. ज्वारीचं पीठ दुधात मळायचं, पाण्याचा थेंब लावायचा नाही, मंद जाळावर भाजायची, ओल्या धडप्यात गुंडाळायची. दुसऱ्या दिवशीही मऊ. आम्ही लेकरांनी आदल्या रात्री "आमचा पण उपवास" म्हणून जाहीर केलेलं असायचं आणि सकाळी पहिल्याच बाभळीखाली त्या दुरडीभोवती जमायचो. तुमच्याही घरी असं जाहीर करणारी लेकरं असतीलच, आणि काही न बोलता त्यांच्या हातावर दशमी ठेवणारी म्हातारीही.

पाचव्यात वडील एका पायावर उभे, बाभळीच्या काडीनं वहाणेची माती खरवडताहेत. आमच्याकडची काळी चिकण माती ज्यांनी तुडवली नाही त्यांना हा फोटो कळायचा नाही. चार पावलांत वहाण शेराची होते. शेवटी सगळ्यांनी वहाणा हातात घेतल्या. आत्या सांगते, त्या दिवशी तिनं धुऱ्यावरची तरोट्याची भाजी खुडून ओटीत भरली होती, नव्या पावसाची, कोवळी. एवढी भाजी नर्सीला नेऊन करायची काय, हे तिला कुणी विचारलं नाही. दुष्काळ बघितलेली माणसं हिरवं दिसलं की खुडतातच.

आता सातवा. पांदणीतून सगळे येताहेत आणि बऱ्याच पुढं मोठीमाय एकटी. नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, काखेत गाठोडं, मान खाली. काका तिला "थांब, इकडं बघ" म्हणून हाका मारत होते हे मला पक्कं आठवतं. ती थांबली नाही. फोटोच्या पाठीवर आबांचं एक वाक्य: "पैनगंगेच्या वेळीही हीच पुढं होती."

पैनगंगेची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली, पण तुकड्यातुकड्यांत, आणि प्रत्येकाच्या तोंडून वेगळी. १९४८ चा उन्हाळा. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलेलं, आमच्याकडं मात्र निजाम आणि कासिम रझवीचे रझाकार. स्वामी रामानंद तीर्थांची माणसं तुरुंगात नाहीतर सरहद्दीपल्याडच्या कॅम्पात. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे हिंदुस्थान. आडतीवरच्या कुणीतरी आबांचं नाव घेतलं, का घेतलं हे कुणालाच नीट ठाऊक नाही, आणि त्याच रात्री घर सोडावं लागलं. कनेरगावच्या नाक्यावर पहारा, म्हणून आडवाटेनं. आबांना हिशेब येत होता, वाट येत नव्हती. मोठीमायचं माहेर नदीकाठचं. उतार कुठं आहे, धुरा कुठं फुटतो, कोणत्या आखाड्यावर कुत्रं आहे, हे तिला माहीत. म्हणून ती पुढं. आबांच्या खांद्यावर पाच वर्षांचे माझे वडील. आत्या म्हणते, "मी पण चालले की, मायच्या पोटात."

वाशिमकडच्या एका नातलगाच्या गोठ्यात त्यांनी पावसाळा काढला. आत्याचा जन्म तिथलाच. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. दसऱ्याच्या सुमाराला ही माणसं परत आली, तर घर जसंच्या तसं. किल्ली चाचींकडं होती. त्यांनी रोज दिवाबत्तीच्या वेळी कुलूप काढून अंगण झाडलं होतं, गाय सांभाळली होती, तुळशीला पाणी घातलं होतं.

गोष्ट इथं थांबवणारी माणसं खूप भेटतात. आबा थांबवत नसत. फौजा आल्यावर मराठवाड्यात मुसलमानांवर जे गुदरलं, तेही ते आम्हाला सांगत, आवाज खाली घेऊन. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत ते सगळ्यात जास्त घडल्याचं नोंदवलं. नांदेड आमच्या शेजारीच. त्या दिवसांत आबा कितीतरी रात्री चाचींच्या ओट्यावर घोंगडी टाकून झोपले. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, चाचींनी सांगितलं, तेही माझ्या लग्नात, हळद लागताना.

म्हणून "किल्ली भाभींकडे दिली." देवाला निघालेल्या माणसानं घराची किल्ली कुठं ठेवली, हे लिहून ठेवायलाच हवं होतं. ते वाक्य उतरवून घेताना वही काही वेळ मिटून ठेवावी लागली. सर बोलले नाहीत, त्यांनी चहा मागवला.

पुढचे फोटो नर्सीचे. कयाधू नदीला लाल पाणी, काठावर पताका, दिंड्या, राजगिऱ्याच्या लाडवांची दुकानं. नवव्या फोटोत एक उंच सरदारजी आणि त्यांच्या पाया पडणारी मोठीमाय. नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून शीख मंडळी नर्सीला येतात. आता तिथं गुरुद्वाराही आहे. मोठीमायला ग्रंथातलं काही ठाऊक नव्हतं. "आपल्या नामदेवाला इतक्या लांब सांभाळलं त्यांनी," एवढंच तिचं म्हणणं. २०१५ साली पंजाबात, नामदेवांच्या घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आत्या टीव्हीसमोर बसून दर दहा मिनिटांनी म्हणत होती, "आज माय पाहिजे होती."

या वाटेनं आता कुणी वहाणा हातात घेत नाही. डांबरी रस्ता आहे. १९९९ ला परभणीतून फुटून आमचा जिल्हा वेगळा झाला. ज्वारी-कापसाच्या शिवारात सोयाबीन आणि हळद आली, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. परतवारीची गर्दी मात्र वाढतच गेली आहे.

बाराव्या फोटोत एक अनोळखी वारकरीण आहे. डोक्यावर तुळस, कडेवर मी. परतीला माझे पाय दुखायला लागले तेव्हा या बाईनं मला बरंच अंतर उचलून आणलं म्हणतात. मला आठवतो तो फक्त तिच्या खांद्याचा बुक्क्याचा वास. आबांनी पाठीवर लिहिलंय: "नाव विचारायचं राहिलं." आत्याचं म्हणणं, लुगड्याच्या काठावरून ती सेनगावकडची. काका म्हणतात, छे, बोलणं वऱ्हाडी होतं तिचं. गेल्या दिवाळीत यावरून दोघांची चांगलीच जुंपली, आणि आईनं फराळाचं ताट पुढं सारलं तरी आत्या मागं हटायला तयार नव्हती.