फुरशाची कात्री

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गुहागरकडे पूजा नागाची होते, पण धास्ती असते फुरशाची. जेमतेम हातभर लांबीचे हे जनावर जांभ्याच्या सड्यावर, गडग्याच्या फटीत, बागेतल्या पातेऱ्यात पडून असते. डिवचले की वेटोळी एकमेकांवर घासून खरखर करते.

इंग्रजी अमलात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत मारलेल्या फुरशांचे आकडे लाखांत आहेत. तरी फुरशी संपली नाहीत. १८९० साली विडाल या मुलकी अधिकाऱ्याने मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सर्पदंशावर लेख लिहिला. मुंबई इलाख्यातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंत फुरशाचा वाटा मोठा आहे, असे त्याने त्यात बजावले होते. पुढे हिमाचलातल्या कसौलीला प्रतिविष तयार होऊ लागले, ते नाग आणि घोणस या दोघांवर. ज्याला मारण्यासाठी तिजोरीतून पैसे दिले, त्या फुरशावरचे औषध त्यात नव्हतेच! परळच्या हाफकिन संस्थेने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनवले, तेव्हा कोकणाची सोय झाली.

एवढ्याशा जनावराच्या विषात असते तरी काय? त्यात एक कात्री असते. प्रथिने कापणारे विकर, म्हणजे एन्झाइम.

अशा कात्र्या आपल्याही शरीरात पुष्कळ आहेत. जेवलेली डाळ पचते ती त्यांच्यामुळेच. रक्तात प्रोथ्रॉम्बिन नावाचे प्रथिन निद्रिस्त अवस्थेत फिरत असते. विळा लागून बोट कापले की शरीरातली एक कात्री त्याला ठरावीक जागी कापते आणि त्याचे थ्रॉम्बिन होते. थ्रॉम्बिन ही स्वतःच दुसरी कात्री. ती फायब्रिनोजेन कापते, त्याचे धागे होतात, धाग्यांचे जाळे होते आणि रक्त थांबते. जखम भरली की प्लाझ्मिन नावाची तिसरी कात्री ते जाळे उसवते. हे सारे जखमेच्या जागीच आणि गरजेपुरतेच चालावे, म्हणून शरीराचा कडक पहारा असतो.

फुरशाचे विकर हा पहारा चुकवते. १९७५ साली कोर्नालिक हे चेक आणि ब्लॉमबेक हे स्वीडिश संशोधक यांनी त्याचे काम उलगडून दाखवले. एकिस कॅरिनेटस या फुरशाच्या शास्त्रीय नावावरून त्याचे नाव पडले एकारिन. ते जखमेची वाट न पाहता रक्तभर प्रोथ्रॉम्बिन कापत सुटते. फायब्रिनोजेन उगाचच खर्ची पडते आणि साठा संपला की रक्त गोठायचेच बंद होते. गोठवणाऱ्या विषाने माणूस रक्तस्राव होऊन दगावतो, तो असा. हिरड्यांतून, दंशाच्या जागेतून, लघवीतून रक्त येऊ लागते. कधी मेंदूतही रक्तस्राव होतो.

हे काही तासांनी दिसते, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर माणूस चालता-बोलता असतो आणि मांत्रिकाचे फावते. काही दंशांत विष उतरतच नाही किंवा अगदी थोडे उतरते. ती माणसे वाचतात आणि श्रेय मंत्राला जाते. प्रतिविष रक्तातले विष बांधून ठेवते, पण संपलेले फायब्रिनोजेन ते परत आणू शकत नाही. ते यकृतालाच नव्याने बनवावे लागते आणि त्याला काही तास लागतात. प्रतिविष न देता नुसते रक्त चढवले, तर त्यातलेही फायब्रिनोजेन ही कात्री फस्त करते.

निदान मात्र साध्या काचेच्या नळीत होते. स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि नळी कलती करायची. रक्त वाहिले, तर ते गोठत नाही हे कळले. खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे जमते.

आता एक प्रश्न उरतो. १९७८ साली तमिळनाडूत इरुला सर्पमित्रांची सहकारी संस्था निघाली. भारतीय प्रतिविषासाठी लागणारे बरेचसे विष तिथून येत आले आहे. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, असे संशोधन सांगते. मग तिकडच्या फुरशाच्या विषावर बेतलेले औषध आमच्या सड्यावरच्या फुरशाला कितपत पुरते, हे कोकणातल्या विषावरच तपासायला हवे. ते होईपर्यंत सड्यावर गवत कापायला जाताना पायात बूट घाला, गडग्यात हात घालण्याआधी काठी घाला, आणि दंश झालाच तर दवाखान्याची वाट धरा.