माशाचे निशाण आणि अंथरुणाची खोळ



यंत्रमागांच्या खडखडाटात संघटना बांधता बांधता आम्ही कापडाचा इतिहास वाचू लागलो. कापडावरील नक्षीलाही हक्काचा इतिहास असतो, हे आम्हांस जपानातील मत्स्य-निशाणांनी शिकविले.

जपानात पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस हा पूर्वापार मुलग्यांचा सण. १९४८ च्या कायद्याने ५ मे हा सर्वच बालकांचा दिवस ठरला. एदो राजवटीत (१६०३–१८६८) सामुराई घराणी ह्या सणाला कुलचिन्हांची निशाणे दारी उभारीत. तो मान व्यापारी-कारागिरांचा नव्हता. त्यांनी काठीला मासा बांधला! पीत नदीचा धबधबा चढून जाणारा कार्प मासा ड्रॅगन होतो, अशी चीनमधील जुनी कथा आहे. कार्प म्हणजे आपल्या रोहूच्या जातकुळीचा मासा. जन्माने सामान्य असलेला जीव झुंजून वर चढतो, ही कथा कष्टकऱ्यांच्या घरात रुजली नसती तरच नवल. १८५७ साली हिरोशिगे ह्या चित्रकाराने सुइदो पुलाच्या चित्रात असा काळा मासा अग्रभागी रंगविला. त्याच्यापुढे तो पूल केवढासा दिसतो!

हे मासे आरंभी कागदाचे, पुढे सुती कापडाचे व आता कृत्रिम धाग्याचे झाले. पण मासा दारावरच थांबला नाही. धबधबा चढणारा तोच कार्प दारावरच्या पडद्यांवर आणि अंथरुणाच्या खोळींवर उतरला. शेतकऱ्यांना रेशमाची बहुशः मनाई होती. त्यांच्या वाट्याला सुती कापड व नीळ. गावोगावचे निळारी भाताच्या चिकट पिठाची खळ कागदी शंकूत भरीत आणि तिच्या धारेने कापडावर एकेक खवला रेखीत. मग कापड निळीच्या हौदात बुडवीत. खळ धुतली, की निळ्यावर पांढरी रेघ उमटे.

आज पडदे नि उशांचे अभ्रे ह्यांवर तीच खवल्यांची नक्षी यंत्राने छापतात. त्यात वावगे काही नाही. परंतु हिरोशिगेचे नाव जगाने जपले आणि त्या खोळी रंगविणाऱ्या बहुतेक निळाऱ्यांची नावे हरपली, ह्याची खंत आम्हांस वाटते. नक्षी उचलणाऱ्याने आरेखकाच्या नावाबरोबर रंगाऱ्याचेही नाव लिहावे, आणि त्याची मजुरी पुरती चुकवावी. एवढेच आमचे मागणे आहे.