धामणगाव रेल्वे ते मुंबई : अंतर, उड्डाणवेळ व प्रत्यक्ष प्रवास

शस्त्रक्रिया, रुग्णालयातील तपासणी किंवा आप्ताच्या अंत्यविधीसाठी तातडीने मुंबई गाठावी लागते, तेव्हा ‘विमानाने किती वेळ?’ हा प्रश्न धामणगाव परिसरातील कुटुंबांत हमखास विचारला जातो. त्याच्या उत्तरासाठी उड्डाणवेळ आणि प्रवासाचा एकूण वेळ यांतील भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे.

अंतर

धामणगाव रेल्वे ते मुंबई हे अंतर लोहमार्गाने सुमारे ७१० किलोमीटर आहे. गावाला स्वतःचा विमानतळ नाही. जवळचे विमानतळ दोन : अमरावतीचा बेलोरा व नागपूरचा सोनेगाव. हवाई रेषेने बेलोरा ते मुंबई सुमारे ५४० किलोमीटर, तर नागपूर ते मुंबई सुमारे ६८० किलोमीटर भरते.

उड्डाणवेळ

१६ एप्रिल २०२५ रोजी उडान योजनेखाली अलायन्स एअरची मुंबई-अमरावती सेवा सुरू झाली; आरंभी ती आठवड्यातून तीन दिवस होती. तिची नियोजित वेळ सुमारे पावणेदोन तास. नागपूरहून अंतर अधिक असूनही मुंबईस सुमारे दीड तासच लागतो. कारण बेलोऱ्याला येणारे एटीआर-७२ हे पंख्यांचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. नागपूरची जेट विमाने ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास. वेळापत्रकातील वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे व उतरल्यावर थांब्यापर्यंत येणेही धरलेले असते. हिवाळ्यात उंचावरील पश्चिमी वाऱ्यांमुळे जेट विमानास मुंबईकडे जाताना परतीपेक्षा किंचित अधिक वेळ लागू शकतो.

घरापासून रुग्णालयापर्यंत

परळचे टाटा स्मारक रुग्णालय हे गंतव्य मानून केलेला ढोबळ हिशेब असा :

बेलोरामार्गे : विमानतळापर्यंत सव्वा तास, तेथे दीड तास, उड्डाण पावणेदोन तास, सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास, मुंबईतील रस्ता एक तास. एकूण ६ तास.

नागपूरमार्गे : विमानतळापर्यंत सव्वादोन तास, उड्डाण दीड तास, बाकीचे वरीलप्रमाणेच. एकूण पावणेसात तास.

रेल्वेने : विदर्भ एक्स्प्रेससारख्या रात्रीच्या गाडीने सुमारे १२ तास. दादरला उतरल्यास परळ जवळच.

मोटारीने : ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग धामणगाव तालुक्यातून जातो व ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. विश्रांतीसह सुमारे ९ तास धरावेत. या मार्गावर दुचाकीस मनाई आहे.

निवड कशी करावी?

विमानाने सुमारे सहा तास वाचतात, परंतु त्या दिवशी व सोयीच्या वेळी उड्डाण असेल तरच. उद्याच्या विमानाची वाट पाहण्यापेक्षा आज रात्रीची गाडी पुष्कळदा आधी पोहोचविते. सकाळी तपासणी असल्यास झोपून जाता येणारा रेल्वेचा प्रवास रुग्णाला सोयीचा, शिवाय स्वस्त पडतो. अंत्यविधीला त्याच दिवशी पोहोचायचे असल्यास मात्र आधी बेलोरा व नागपूर या दोन्ही ठिकाणची उड्डाणे पाहावीत. नागपूरहून दिवसाला अनेक उड्डाणे असल्याने तेथे जागा मिळण्याची शक्यता अधिक असते.

नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णासाठी डॉक्टरांचा सल्ला व विमान कंपनीची पूर्वपरवानगी घ्यावी. वेळापत्रके बदलत असल्याने निघण्यापूर्वी ती पुन्हा तपासावीत.