कुलूप, किल्ली आणि युद्धसामग्री

गेल्या महिन्यात माझा एक मित्र रिक्षात लॅपटॉप विसरला. रिक्षा गेली ती गेलीच. आत आईचे मेडिकल रिपोर्ट्स, बँकेची स्टेटमेंट्स, आधारची कॉपी, सगळं. पण पठ्ठ्या शांत! म्हणाला, "डबडं गेलं रे, आतलं कुणाला वाचता येणार नाही. डिस्क एन्क्रिप्टेड आहे."

मंडळी, ही निश्चिंती आज आपल्याला फुकटात मिळते. पण तीसेक वर्षांपूर्वी याच गोष्टीपायी एका प्रोग्रामरवर तुरुंगात जायची वेळ आली होती.

तर झालं असं. १९९१ साली अमेरिकी सिनेटमध्ये २६६ क्रमांकाचं विधेयक आलं. त्यातल्या एका कलमाचा सूर असा, की लोकांच्या संदेशांतला मूळ मजकूर सरकारला मिळेल अशी सोय कंपन्यांनी ठेवावी. कोलोरॅडोतल्या फिल झिमरमननं याचा धसकाच घेतला. गडी कोड लिहीत बसला, घराचे हप्ते थकले, आणि जूनमध्ये त्यानं 'पीजीपी' म्हणजे 'प्रिटी गुड प्रायव्हसी' फुकट वाटून टाकलं. ईमेल असो वा फाइल, दोन्हींना कुलूप. ते कलम पुढे बारगळलं, पण कुलूप लोकांच्या हातात पडलं होतं.

गंमत म्हणजे त्यानं स्वतः रचलेला पहिला सायफर कच्चा निघाला. जाणकारांनी चुका दाखवल्यावर १९९२ च्या २.० आवृत्तीत त्यानं १२८ बिटांचा 'आयडिया' सायफर घातला. रचना सगळ्यांना माहीत असूनही जे उघडत नाही ते खरं कुलूप. गुपित फक्त किल्ली.

१२८ बिट म्हणजे किती? सेकंदाला १०० कोटी किल्ल्या लावून बघणारं मशीन घ्या. ४० बिटांच्या सगळ्या किल्ल्या ते साधारण १८ मिनिटांत संपवेल. १२८ बिटांना लागणारी वर्षं लिहायची तर एकावर २२ शून्यं!

आणि त्या काळी अमेरिकेच्या कायद्यात ४० बिटांपलीकडचं एन्क्रिप्शन 'युद्धसामग्री' धरलं जाई. पीजीपी इंटरनेटवरून देशाबाहेर पोचलं आणि १९९३ मध्ये झिमरमनवर बेकायदा निर्यातीची चौकशी सुरू झाली. यावर उत्तर काय, तर १९९५ मध्ये एमआयटी प्रेसनं अख्खा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला. सॉफ्टवेअर अडवाल हो, पुस्तक कसं अडवणार? कुणीही परदेशी न्यावं, स्कॅन करावं, कंपाइल करावं. जानेवारी १९९६ मध्ये आरोप न ठेवताच चौकशी बंद झाली. २००० साली निर्यातीचे नियमही सैल झाले.

असो. गणित भक्कम आहे, पण किल्ली आपली. पासवर्ड '१२३४५६' ठेवलात तर त्या २२ शून्यांचा काही उपयोग नाही. विसरलात तर तुम्हीही बाहेरच.

मित्राला सहज विचारलं, "रिपोर्ट्सचा बॅकअप आहे ना?"

पठ्ठ्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडला.