सिंहाचे दात, पोराचे दात

ऑनसाइटला इंग्लंडात गेलेला माझा एक मित्र (मूळचा अकोल्याचा) हल्ली मला त्याच्या पोराच्या शाळेतल्या रोइंग क्लबच्या बातम्या पाठवत असतो. चौदाखालचे, पंधराखालचे, सोळाखालचे, अठराखालचे... प्रत्येक गटाची होडी वेगळी, हिवाळ्यात लांब पल्ल्याच्या शर्यती, उन्हाळ्यात रेगाटा. परवा त्याने विचारलं, "आपल्याकडे असं काही काहून नव्हतं बे?"

आता याला काय सांगणार! अकोल्यात नळ कोणत्या दिवशी येणार यावर पाहुणे बोलवायचे की नाही ते ठरायचं. तिथे दोन हजार मीटर सरळ, संथ पाणी आणायचं कुठून? होड्या राहू देत. पण वयोगट मात्र आपल्याकडेही होते आणि आहेत. शालेय स्पर्धा म्हटलं की १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग (आपला अमरावती विभाग म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम), मग राज्य. आणि हे सगळं पावसाळ्यात सुरू होणार, म्हणजे ऐन निंदणाच्या दिवसांत. चांगला रेडर शेतात अडकला म्हणून टीम हरली, हे आमच्या भागात कुणाला नवल वाटत नाही.

मित्राच्या प्रश्नावरून मी दोन वीकेंड वाचत बसलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. खेळात हे 'वय' आलं कुठून?

आखाड्यातून तर नक्की नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ घ्या. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी ते सुरू केलं. याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी, मल्लखांब वगैरे आपले खेळ तिथे करून दाखवले. आखाड्याच्या जुन्या रीतीत वस्ताद पोराचा जन्मदाखला मागत नाही. तो अंग बघतो, दम बघतो आणि जोड लावतो. कोण कोणाशी भिडणार हे त्याची नजर ठरवते. यात लबाडी होत नसेल असं नाही, पण ती कागदावरची नसते.

कागदाची गरज आधी पडली ती गिरणीला. इंग्लंडात १८३३ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि तेरापर्यंतच्यांचे तास कमी केले. कायदा झाला, पण पोराचं वय कळणार कसं? जन्मनोंदणीच नव्हती. तेव्हा एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने सुमारे हजार मुलांचे दात तपासले आणि १८३७ साली मांडलं, की वय ओळखायला उंचीपेक्षा दात जास्त भरवशाचे. आपल्याकडे पहिला कारखाना कायदा आला १८८१ मध्ये. सात वर्षांखाली कामबंदी, सात ते बारा वयाला दिवसाला नऊ तास. मात्र वर्षाला चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. कापसाच्या हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनाला अशी पळवाट किती सोयीची, हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

म्हणजे बघा, एकाचं वय मोजायचं ते कामातून सोडवायला, दुसऱ्याचं मोजायचं ते मैदानात उतरवायला, आणि दोन्हीकडे अडचण एकच: पोर जन्मलं कधी हे खात्रीने सांगणारा कागद नाही.

आपल्या शाळेने त्यावर देशी उपाय काढला होता. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला, की पोट्टं पहिलीत घालण्याजोगं झालं. मास्तरांनी अंदाजाने वर्ष लिहायचं आणि तारीख टाकायची १ जून किंवा १ जुलै. तुमच्या काका-मामांच्या पिढीत एकाच दिवशी जन्मलेले किती निघतात, एकदा मोजून बघा. (आमच्या घरात चार आहेत. केक एकच आणतो.) जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा, पण कायदा होणं आणि घरी बाळंतीण झालेल्या बाईच्या पोराची नोंद ग्रामपंचायतीत होणं, यात बराच काळ बरंच अंतर होतं.

आता तारखेने काय बिघडतं? शालेय स्पर्धांचं वय १ जानेवारीला मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला, दोघंही एकाच गटात. तेरा-चौदाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची. रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॅनडाच्या आइस हॉकीत हेच दाखवलं होतं: वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी. तिथे तारखा तरी खऱ्या होत्या! आपल्याकडे मास्तरांच्या अंदाजात एक वर्ष इकडचं तिकडे झालं, की पोरगा आपल्याहून मोठ्यांच्या तावडीत सापडायचा, नाहीतर लहानांवर राज्य करायचा. आणि दुसरी गोष्ट मुद्दामही करता येते.

खेळांनी यावर उपाय शोधले. कबड्डीत किशोर आणि कुमार गटांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, म्हणजे वस्तादाची नजर तराजूच्या रूपाने परत आली म्हणायची. क्रिकेट बोर्ड सोळाखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं. अचूक शास्त्र ते नव्हेच. लवकर वाढणारं खरं पोर त्यातही मार खाऊ शकतं.

मला सगळ्यात आवडतो तो खो-खो. १९५९-६० साली विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, त्या या खेळाने पुरस्कारांना दिलेली नावं बघा. पुरुषांना एकलव्य, महिलांना राणी लक्ष्मीबाई. कुमारांना वीर अभिमन्यू, कुमारींना जानकी. किशोरींना इला, आणि किशोरांना भरत, म्हणजे शकुंतलेचा तो पोरगा, जो सिंहाच्या बछड्याचे दात मोजायला निघाला होता. आता त्याच्या नावाचा पुरस्कार मिळवायला आलेल्या पोराचं वय खरं की खोटं म्हणून आपण त्याचेच दात मोजायचे!

हसू येतं, पण यात खूप काही अडकलेलं असतं. खेळाडूला दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, राज्य सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरात पोराने खेळात घालवलेल्या वर्षांचा हिशेब त्या प्रमाणपत्रावर होतो. वय चोरणाऱ्या बापाला मी माफ करायला तयार नाही, कारण त्याच्या पोरासमोर जो खरा चौदाचा उभा असतो त्याचंही घर तसंच असतं. पण तो बाप तसं का करतो हे कळायला रिसर्च लागत नाही.

रोइंगचं विचारलं होतंस मित्रा, तर तेही सांगतो. महाराष्ट्राचा सगळ्यात गाजलेला रोअर दत्तू भोकनळ, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. गाव दुष्काळी, वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम केलेलं. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यावर तो पहिल्यांदा होडीत बसला, तेव्हा वय २१, आणि पाण्याची भीती. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या स्कलमध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कलमध्ये सुवर्ण. आंतरराष्ट्रीय रोइंगमध्ये ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात, ते वर्ष संपेपर्यंत खेळाडू ज्युनियर गटात धरतात. दत्तूच्या बाबतीत ते वर्ष होतं २००९. त्याला होडी दिसायला अजून तीन वर्षं होती.