फ्लाइट सिम्युलेशन खेळांमधील विमानतोफांची परिणामकारकता

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांवर बसवलेल्या तोफांची संहारक्षमता संगणकीय खेळांत कशी मोजली व दाखवली जाते, याचा हा आढावा आहे. इल-२ श्टुर्मोविक (२००१), वॉर थंडर आणि डीसीएस वर्ल्ड हे या प्रकारातील परिचित खेळ आहेत.

प्रमुख तोफा (आकडे स्थूलमानाने)

* हिस्पानो मार्क २ (ब्रिटिश): व्यास २० मिमी, गोळा १३० ग्रॅम, प्रारंभिक वेग ८६० मीटर प्रति सेकंद, मिनिटाला ६०० गोळे.
* एमजी १५१/२० (जर्मन): व्यास २० मिमी, स्फोटक गोळा ९२ ग्रॅम, वेग ८०० मीटर प्रति सेकंद, मिनिटाला ७०० गोळे.
* एमके १०८ (जर्मन): व्यास ३० मिमी, गोळा ३३० ग्रॅम, वेग ५४० मीटर प्रति सेकंद, मिनिटाला ६५० गोळे.

तुलनेचे निकष

केवळ गतिज ऊर्जा पाहिल्यास फसगत होते. वरील आकड्यांनुसार हिस्पानो व एमके १०८ या दोहोंच्या गोळ्यांची प्रारंभिक ऊर्जा सुमारे ४८ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ सारखीच येते. मात्र हिस्पानोच्या गोळ्यात सुमारे १० ग्रॅम स्फोटक असे, तर एमके १०८ च्या पातळ कवचाच्या गोळ्यात ७० ग्रॅमपेक्षा अधिक. चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान पाडण्यास २० मिमीचे सुमारे वीस, तर ३० मिमीचे तीन-चार गोळे लागतात, असा जर्मन हवाई दलाचा अंदाज होता.

नेम साधण्याच्या बाबतीत चित्र उलटे होते. हवेचा रोध वगळल्यास ३०० मीटर अंतर कापण्यास हिस्पानोच्या गोळ्याला ०.३५ सेकंद, तर एमके १०८ च्या गोळ्याला ०.५६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गोळे अनुक्रमे ०.६ व १.५ मीटर खाली येतात. ताशी ५४० किमी वेगाने आडवे जाणारे लक्ष्य तोवर अनुक्रमे ५२ व ८३ मीटर पुढे सरकलेले असते. दारूगोळ्याचा साठाही महत्त्वाचा ठरतो. मेसरश्मिट बीएफ १०९ के-४ मधील एमके १०८ साठी ६५ गोळे असत. ते सलग माऱ्यात सहा सेकंदांत संपतात. स्पिटफायर मार्क ९ च्या प्रत्येक हिस्पानोला १२० गोळे, म्हणजे बारा सेकंदांचा मारा मिळे.

खेळांतील प्रतिरूपण

सोप्या प्रतिरूपात प्रत्येक विमानाला ठरावीक गुण दिलेले असतात व प्रत्येक आघाताने ते घटतात. अधिक तपशीलवार खेळांत इंजिन, इंधनटाकी, पंखाचा कणा, नियंत्रण-तारा व वैमानिक यांची हानी स्वतंत्रपणे मोजली जाते. त्यामुळे एकच तोफ दोन खेळांत भिन्न परिणाम दाखवू शकते. पंखांतील तोफांचे मारे कोणत्या अंतरावर एकत्र यावेत, हे काही खेळांत खेळाडूला ठरवता येते. त्या अंतराच्या अलीकडे वा पलीकडे मारा विखुरतो.

मर्यादा

खेळातील अनुभवावरून तोफेची ऐतिहासिक योग्यता ठरवता येत नाही. खेळाडू शेकडो लढती जिवाची भीती न बाळगता लढतो व अगदी जवळून मारा करतो. त्यामुळे मंद पण जड गोळ्याची तोफ प्रत्यक्षाहून सोयीची वाटू शकते. म्हणून तुलना करताना लक्ष्याचा प्रकार, अंतर व खेळातील हानीचे प्रतिरूप यांचा उल्लेख आवश्यक ठरतो.